लास गारुआसच्या पाच विधवा

एकतीस डिसेंबरला दुपारी चारच्या सुमारास किनाऱ्याच्या रस्त्यावर, लास गारुआस गावापाशी, बस अडवली गेली. रस्त्याला आडवा दोर बांधला होता. कडेला खुर्चीत म्हातारा बसवला होता – भुसा भरलेला, कागदी तोंडाचा, सरत्या वर्षाचा पुतळा. रात्री त्याला जाळायचं होतं. त्याच्या गळ्यात पडून एक विधवा हंबरडा फोडत होती.

सकाळपासून असे दोर बरेच झाले होते; या दिवशी गावोगावचे पुरुष म्हाताऱ्याच्या विधवेचं सोंग घेऊन पैसे मागतात. ड्रायव्हरने दार उघडलं आणि विधवा आत चढली. काळा झगा, तोंडावर काळी जाळी, लालभडक ओठ, छातीशी दोन फुगे. त्यातला एक पोटापर्यंत घसरला होता.

मायते खिडकीपाशी बसली होती. ती, मारिएला आणि पातो, तिघंही कुएन्काची, डोंगरातली. कॉलेजच्या सुट्टीत पाठीवर सॅक टाकून किनारा पालथा घालायला निघाली होती. विधवा आली ती थेट मायतेच्या मांडीवर बसली.

"गेले गं बाई माझे हे! सरणाला काहीतरी दे गं पोरी…"

"कशाने गेले?" मायतेने विचारलं.

विधवा थबकली. लोक नाणं देत, शिवी देत, फार तर हसत. चौकशी कुणी करत नसे.

"डोंगरातल्या पोरी हात आखडता घेतात, त्या काळजीने."

"द्यायला वेळ तरी दिलास? चढल्यापासून नुसती रडतेयस. आणि जरा ऊठ… मांडी गेली माझी."

"दुःखाने सुजलेय गं."

"दाढीपण दुःखानेच वाढली का?"

"हे होते तेव्हा मी रोज करत होते. आता कुणासाठी करू?"

अख्खी बस खिदळली. जाळीमागचे डोळे मात्र हसत नव्हते. काजळ गालावर ओघळलं होतं आणि ते डोळे मायतेकडे बघत होते – पुढचा प्रश्न कोणता येतो याची वाट बघितल्यासारखे.

"बाई, जमलं असेल तर दोघी खाली उतरा," ड्रायव्हर म्हणाला. "मला अंधाराआधी मान्ता गाठायचंय."

तिथे उतरायचं कुणी ठरवलं, याबद्दल तिघांचं एकमत नाही. पातो म्हणतो, मायतेने. मायते म्हणते, मारिएलाला भूक लागली होती. टपावरून पहिली सॅक मायतेची खाली आली, एवढं नक्की.

संध्याकाळी होड्यांपाशी गाव जमलं. म्हाताऱ्याचं मृत्युपत्र वाचायचं असतं, आणि ते गावातल्या विधवा आळीपाळीने वाचतात; बसमधलीची पाळी आली. हातात मासळी गुंडाळायचा कोरा कागद धरून ती घडाघडा बोलत होती. तीन वर्षं होडी रंगवतो रंगवतो म्हणणाऱ्या एलादियोला म्हाताऱ्याने ब्रश ठेवला. चर्चच्या फादरना स्वतःची झोप ठेवली, म्हणजे प्रवचनाच्या वेळी तेच झोपतील, गावाला झोपावं लागणार नाही.

"आणि त्या डोंगरातल्या मुलीला," विधवा म्हणाली, आणि रडून रडून बसत चाललेला आवाज इथे जरा अडखळला, "जिने माझ्या सरणाला अजून फुटकी कवडी दिलेली नाही, तिला… उद्याची दुपार ठेवतोय. दोन्या ग्लाडिसच्या टपरीवर, एक वाडगा एन्सेबोयादो. तोंड धुऊन येईन."

शिट्ट्यांचा कल्लोळ उडाला. आज रात्री जो राख होणार, तो उद्या जेवायला कसा येईल? म्हाताऱ्याच्या आडून विधवाच बोलली, हे गावाच्या लगेच लक्षात आलं. रंगाच्या थराखाली विधवा लाल झाली असावी. तशी नोंद मात्र कुणाकडे नाही.

नंतर ढोल वाजले आणि विधवेच्या झग्यातल्या त्याने नाचायला मायतेपुढे हात केला. हाताला डिझेलचा आणि लिंबाचा वास होता.

"नाव तरी सांग."

"विधवेचं नाव विचारत नसतात. मेलेल्याचं विचारतात."

"मग उद्या ओळखू कशी?"

"मी ओळखेन की."

"आणि मी?"

"तू… प्रश्न विचार. बसमध्ये विचारलास तसा."

तेवढ्यात दोर धरायला त्याला हाका आल्या. उंच टाचांवर अडखळत तो गेला, आणि गर्दीत काळे झगे एकात एक मिसळले.

एक तारखेच्या दुपारी मायते टपरीवर जाऊन बसली. समोर एन्सेबोयादो, म्हणजे कुपा माशाचं कांदा घातलेलं कालवण, निवत गेलं. तांबारलेल्या डोळ्यांचे पुरुष आले, जेवले, गेले. तिच्यासमोर कुणी बसलं नाही.

शेवटी तिने दोन्या ग्लाडिसला विचारलं, "काल ती विधवा होती ना… कुठे राहते?"

"कोणती? पाच होत्या."

"उंच होती."

"त्या टाचा घातल्यावर मीसुद्धा उंच दिसते, पोरी."

"दाढी होती."

"पाचही जणींना होती."

"बोलायला फार छान होती."

"मग माझा नवरा नव्हे तो," दोन्या ग्लाडिस म्हणाली आणि कालवण पुन्हा गरम करायला घेऊन गेली.

संध्याकाळपर्यंत तीन विधवांचा पत्ता लागला. एक बेकरीवाला होता, नातवंडांचा आजोबा. दुसरे शाळेचे मास्तर. तिसरा टांगलेल्या झोळीत घोरत पडला होता. त्याला उठवलं तेव्हा त्याने मायतेला आयुष्यात पाहिलं नसल्याचं शपथेवर सांगितलं. उरलेले दोघे समुद्रावर होते. पहाटे मासळी लागल्याची खबर आली आणि 'ला पोर्फियादा' बोट होते ते खलाशी घेऊन निघून गेली.

दोन तारखेला दोन्या ग्लाडिसने मागच्या खोलीतला वायरलेस लावून दिला. खरखरीतून कप्तानाचा आवाज आला.

"कोण, डोंगरवाली? अगं, इथे दोन विधवा आहेत आणि दोघींचाही घसा पार बसलाय. हूं की चूं नाही."

"त्यांना विचारा ना, टपरीवर येतो असं कोण म्हणालं होतं?"

मधे नुसती खरखर.

"एकजण हात हलवतोय."

"म्हणजे काय?"

"काय माहीत! थांब म्हणतोय, की नको म्हणतोय… ए, जाळं धर, जाळं!"

आणि आवाज तुटला.

मान्ताची बस तीन तारखेच्या सकाळी होती. पातोने तिघांच्या सॅक रस्त्यावर आणून ठेवल्या.

"त्याचं नाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाहीस," मारिएला म्हणाली. "नेमकं काय पाहिलंयस तू?"

"फुगे," पातो म्हणाला.

"गप रे! मायते, आपण तिघींनी–"

"तिघींनी?" पातो म्हणाला.

"तिघांनी! एकत्र फिरायचं ठरलं होतं. आणि तो नको म्हणत असला तर? गावभर हसं होईल तुझं."

"होईल," मायते म्हणाली. "पण बसमध्ये मी विचारलं, आणि तो थबकला ना… माझ्या बोलण्यावर असं कुणी थबकलेलं नाही गं कधी. थट्टा असेल तर असू दे. ती बघूनच जाईन."

"आणि तुझ्या आईला काय सांगू मी?"

"सांग, एका विधवा बाईच्या सोबतीला थांबलेय."

बस आली. दोन सॅक टपावर चढल्या. खिडकीतून मारिएला आधी रागाने आणि नंतर डोळे पुसत हात हलवत राहिली.

त्याच दुपारी 'ला पोर्फियादा' किनाऱ्याच्या टोकाला वळसा घालून आत शिरली. गावातले लोक नेहमीसारखे वाळूत उतरले. या खेपेला जरा जास्तच उतरले. मायते पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभी होती.

बोटीच्या पुढच्या टोकावर दोन तरुण उभे होते, दोघेही धुतल्या तोंडाचे. एकाने हात वर केला. दुसरा तिच्याकडे नुसता बघत होता – प्रश्नाची वाट बघितल्यासारखा.

मायतेने अजून कुणालाच हात केलेला नव्हता.