ब्रेकवरचा पाय

आरशासमोर उभी राहून मी गाल टम्म फुगवून "प-प-प-प" करत होते, आणि दारातून आवाज आला, "आम्ही नंतर येऊ का?"

अगं बाई! दारात एक उंच माणूस. त्याच्या बोटाला धरून साडेचार वर्षांची मुलगी. तो हसू दाबत होता, ती मात्र खदखदून हसली.

"या ना," मी म्हटलं. "मुलांना बोलतं करायचं काम माझं, मला पगारच याचा मिळतो."

तो ड्रायव्हिंग शिकवायचा. मुलीला घरात चिऊ म्हणायचे. ती वर्षाची असतानाच तिची आई गेली होती. चिऊला कळायचं सगळं, सांगायचंही खूप असायचं, पण मेंदूचा निरोप ओठांपर्यंत धड पोचायचाच नाही. अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात त्याला. आधीच्या ठिकाणी शिकवणाऱ्या बाई बदलल्या, तर पोरीने चार महिने तोंड उघडलं नव्हतं.

"चिऊ, चेंडू हवा की बाहुली?" मी विचारलं.

"बाहुली," तिचा बाबाच म्हणाला.

"तुम्हाला हवीय बाहुली?"

त्याचे कान लालबुंद झाले. मला जाम मजा वाटली.

"तुमच्या गाडीत तुमच्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो ना? इथे नाहीये. तिलाच चालवू द्या."

"आणि गाडी भिंतीवर गेली तर?"

"मी आहे ना!"

बोलून गेले आणि मीच गोरीमोरी झाले. मी आहे ना काय, मी आहे ना!

घरी करायला मी पाच शब्द दिले होते. पाच-पाच मिनिटं, तेही खेळता खेळता. या गृहस्थाने काय करावं? भिंतीवर तक्ता लावला आणि तिला रोज तासभर खुर्चीत बसवून घोटून घेतलं! पुढच्या वेळी चिऊ आली ती ओठ गच्च मिटून.

"लायसन्सची परीक्षा घेताय का तिची?" मी उखडलेच.

"मला वाटलं... जास्त केलं तर लवकर बोलेल." त्याने चिऊच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. "चुकलं माझं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. त्या दिवसापासून मी त्याला खोलीतच, खाली सतरंजीवर बसवलं. उतरत्या फळीवर छोटी गाडी धरायची आणि चिऊने "जा" म्हटल्याशिवाय सोडायची नाही. तो गप्प बसायला शिकला. कपाळावर घाम यायचा बिचाऱ्याच्या! आणि तिसऱ्या आठवड्यात चिऊने त्याच्या ओठांकडे बघत, सगळा जीव एकवटून म्हटलं, "ज्जा!"

गाडी सुटली. त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि झालं, माझं काम तमाम! नंतर शब्द येत गेले. "दे." "बाबा." "बस." मी मंगळवार-शुक्रवारची वाट बघायला लागले. केस उगाचच दोनदा विंचरायला लागले.

एका शुक्रवारी चिऊ बूट घालत होती, तेव्हा तो हळूच म्हणाला, "मॅडम, मलाही एक गोष्ट बोलता येत नाहीये."

"प्रयत्न करा की," मी म्हटलं.

"मला तुम्ही—"

"नको!" मी घाईघाईने म्हटलं. "मुलाच्या घरच्यांशी नातं जुळलं तर त्या मुलाला आम्ही शिकवायचं नाही. नियम आहे. मला चिऊला सोडावं लागेल... आणि ती पुन्हा गप्प झाली तर?"

"मग नाही बोलत," तो म्हणाला. "आधी तिचं बोलणं."

असं म्हणणाऱ्या माणसाला विसरायचं तरी कसं? मी सरळ आमच्या केंद्राच्या प्रमुख, मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला.

"मंगळवारी मी बसते. तू बाहेर. पोरगी माझ्याकडे बोलली तर ती माझी. नाही बोलली, तर वर्षभर तुम्हा दोघांच्या तोंडाला कुलूप. कबूल?"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार!

मंगळवारी मी दाराच्या काचेला नाक लावून उभी. चिऊने खोलीभर मला शोधलं आणि ओठ मिटले. बाई बोलत होत्या, ती ढिम्म. आता हा तिला चुचकारणार, मध्ये बोलणार, मला वाटलं. पण नाही. त्याने फळी लावली, गाडी धरली आणि गप्प बसून राहिला. किती वेळ! शेवटी चिऊ उठली, बाईंचा हात ओढून त्यांना सतरंजीपाशी घेऊन आली.

"बस," ती म्हणाली. मग बाबाकडे वळून, "ज्जा!"

मी तिथेच रडायला लागले. दार उघडलं. बाई जाता जाता म्हणाल्या, "नाक पूस. पोरगी माझी झाली."

तो समोर उभा. आता बोलायला मोकळा, आणि आता शब्दच फुटेना. तेवढ्यात चिऊने माझी बाही ओढली. ओठ जुळवले, चुकली, पुन्हा जुळवले.

"घ... घयी... ये."

"हे मी शिकवलेलं नाही, शपथ!" तो ओरडलाच.

"येते," मी चिऊला म्हटलं. मग डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघून सांगून टाकलं, "मला तुम्ही आवडता. फार आवडता."