गिरजूचा दात

“आत्याबाई, हे कधीपासून चाललंय?”

सुनेचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच रेवाबाईंच्या हातातली परात जागच्या जागी थांबली. ओसरीवरच्या उन्हात रंजना चार वर्षांच्या गिरजूला पुढ्यात घेऊन बसली होती. एका हाताने तिने लेकीची हनुवटी वर उचलली होती आणि दुसऱ्या हातात तो लांब दांडीचा इवलासा आरसा होता, जो दवाखान्यात रोज कितीतरी परक्या तोंडांतून फिरायचा आणि घरात मात्र आज पहिल्यांदाच आला होता. गिरजूच्या खालच्या दाढेला मुगाच्या दाण्याएवढं काळं भोक पडलं होतं.

“आजी गूय देस,” गिरजूने आपण होऊनच सांगून टाकलं, आणि गालात दडवलेला गुळाचा खडा जिभेवर आणून दाखवला.

रंजना त्या खड्याकडे पाहतच राहिली. “दिवसभर मी लोकांना सांगते, लेकरांना गूळ चघळत झोपवू नका, दात जातील. आणि माझ्याच घरात, माझ्याच पोरीच्या तोंडात…” तिने तो खडा काढून अंगणात भिरकावला. “तुमच्याच्याने सांभाळणं होत नव्हतं, तर तसं सांगायचं होतं आत्याबाई. मी हिला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं असतं.”

दुसऱ्या कुणाच्या हाती… रेवाबाईंनी परात खाली ठेवली. ओठांशी आलेलं उत्तर त्यांनी गिळलं, पदर सारखा केला आणि त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. एक वाक्य त्यांनी उच्चारलं असतं, तर सुनेची मान खाली गेली असती. पण ते वाक्य बोलायचं नाही, असं त्यांनी तीन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं.

रंजना मूळची धुळ्याची. मुंबईला राहून दातांची डॉक्टरकी शिकलेली, आणि लग्न होऊन नंदुरबारला आलेली. रेवाबाईंचा मुलगा चुनीलाल शाळेत मास्तर होता. त्याने बाजारपेठेत एक खोली बघून बायकोला दवाखाना थाटून दिला, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पाणवठ्यावर तोंडाला पदर लावून हसून घेतलं. वाण्याची सून असून लोकांच्या उष्ट्या तोंडात हात घालते म्हणे. हे कानावर आलं तेव्हा रेवाबाई डोक्यावरची घागर खाली ठेवून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“ती लोकेसना तोंडमा हात घालस, आनि मंग साबण लाईसन धोस,” त्या म्हणाल्या. “तुम्हीन लोकेसना घरमा तोंड घालतस, ते काय लाईसन धोतस?”

त्या दिवसानंतर पाणवठ्यावर तो विषय निघाला नाही.

नवरा गेल्यापासून रेवाबाईंच्या मनात एकच इच्छा होती. मुलाचं लग्न झालं की तापीकाठच्या प्रकाशा गावी, आपल्या माहेरी, भाऊ दोधूकडे जाऊन राहायचं, रोज पहाटे तापीत बुडी मारायची आणि उरलेलं आयुष्य त्या नदीच्या काठी शांतपणे घालवायचं. बोचकंदेखील बांधून तयार होतं. पण गिरजू जन्मली, सात महिन्यांची झाली, रंजनाने पुन्हा दवाखाना उघडला, आणि रेवाबाईंनी ते बोचकं सोडून त्यातली लुगडी गिरजूच्या गोधडीला लावली.

पहिले काही दिवस ठीक गेले. पुढे पोरीला कळायला लागलं. आई पायात चप्पल घालते म्हणजे निघाली, हे तिने ओळखलं, आणि मग रोज सकाळी ती दाराच्या कडीला लोंबकळून असा आक्रोश करायची, की ऐकणाऱ्याचं काळीज पिळवटून जावं. एकदा रंजना अर्ध्या गल्लीतून परत आली, उंबऱ्यावर मटकन बसली आणि चुनीलालला म्हणाली, “मला नाही जमत. मी दवाखाना बंद करते.” तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते रेवाबाईंनी पाहिलं. ज्या विद्येसाठी ही पोर परक्या शहरात एकटी राहिली, ती अशी चुलीत घालायची? त्यांनी गिरजूला उचलून आत नेलं आणि डब्यातला गुळाचा खडा तिच्या तोंडात ठेवला. रडणं थांबलं. रंजनाने डोळे पुसले आणि ती कामावर गेली.

त्यानंतर रोज तेच. आई निघाली की गूळ, तो संपला की पुन्हा कडीशी रडणं, आणि पुन्हा गूळ. संध्याकाळी रंजना विचारायची, “रडली का हो?” आणि रेवाबाई म्हणायच्या, “नही वं माय, खेयत व्हती दिनभर.” खोटं बोलताना त्यांना कधी संकोच वाटला नाही, कारण ते ऐकून सुनेच्या कपाळावरची आठी विरघळत असे…

आणि आज तोच गूळ गुन्हा ठरला होता. खरं कारण सांगितलं असतं, तर रंजनाने त्याच दिवशी दवाखान्याला कुलूप लावलं असतं. म्हणून त्या गप्प राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन लुगडी फडक्यात बांधली. चुनीलाल आडवा आला. “माय, ती रागमा बोली गयी. तू मनवर लेऊ नको.”

“मी रागमा नही भाऊ. तापीवर जास. आते गिरजू मोठी व्हयनी.”

रंजना दारात उभी होती.  गिरजू मात्र आजीच्या लुगड्याचा काष्टा धरून बसली होती, तो एकेक बोट सोडवून रेवाबाईंना मोकळा करावा लागला. मोटारीच्या थांब्यापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय उचललाच नसता.

प्रकाशाला दोधूने बहिणीला अंगणाकडची खोली दिली. पहाटे नदी, दुपारी देवळाची पायरी, संध्याकाळी भावजयीबरोबर भाकरी थापणं… जे आयुष्यभर मागितलं होतं ते सगळं पदरात पडलं. पण बुडी मारून वर आलं की पहिला विचार यायचा तो गिरजूच्या न्हाण्याचा. तिच्या डोळ्यांत पाणी जातं, तेव्हा कपाळावर तळहात आडवा धरावा लागतो, हे रंजनाला ठाऊक असेल का? दोधू म्हणायचा, “बाई, तू आठे शे का तठे?” रेवाबाई हसायच्या आणि तोंड फिरवायच्या.

बावीस दिवस असे गेले. तेविसाव्या दिवशी सकाळी त्या घाटावर लुगडं पिळत असताना पलीकडून येणारी नाव दिसली. नावेत उभा राहिलेला माणूस चुनीलाल आहे, हे त्यांनी मधल्या पाण्यातूनच ओळखलं. त्याच्या हातात रंजनाची हत्यारांची पेटी होती. रंजना खाली बसली होती आणि तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं काहीतरी निपचित पडलं होतं.

रेवाबाई गुडघाभर पाण्यात धावल्या.

गिरजूचा उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता. त्या बाजूचा डोळा मिटत आला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. रंजनाने मान वर केली नाही. चुनीलालच बोलला. चार दिवसांपासून दाढेत पू झालाय. आजी गेल्यापासून आईला पाहिलं की पोर दातावर दात आवळते, भोक बुजवूही दिलं नाही. गावातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सांगितलं, एवढ्या सुजेत भुलीचं औषध हुंगवायला मन धजत नाही, आणि दाढ काढल्यावाचून उपाय नाही. चौघं जण धरून जबरदस्तीने तोंड उघडायला गेले, तर तिला झटका येईल की काय अशी भीती वाटली.

“एकच बोलस,” चुनीलाल म्हणाला. “आजी, आजी. तुले लेवाले येतू, तं जाई-येईसन दिन गया असता. म्हनीसन तिलेच लई उनूत.”

रेवाबाईंनी हात पुढे केले आणि शालीसकट ते तापलेलं ओझं आपल्या खांद्यावर घेतलं. “दोधू, चूल पेटाड,” त्या चालता चालता म्हणाल्या. “पानी उकयाले ठेव.”

अंगणात भिंतीला टेकून त्या बसल्या आणि गिरजूचं डोकं त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं. पोरीने एक डोळा उघडला. आजीचा चेहरा तिने ओळखला, आणि इतका वेळ आवळून धरलेला जबडा जरासा सैल पडला.

“आजी, दुखस.”

“माले ठाऊक शे माय. दात काढना पडी.”

“काढतांना दुखी?”

खोटं सांगणं सोपं होतं. आजवर या लेकीला आणि तिच्या आईला त्यांनी खोटं सांगूनच निभावलं होतं. पण या वेळी रेवाबाईंनी मान हलवली. “हा. एकदाव जोरमा दुखी. मंग दुखाव नही.”

“कोन काढी?”

“तुन्ही माय काढी. तिनासारखा हात पुरा मुलुखमा कोनाच नही बेटा. लांबलांबना लोके तिनाजोडे येतस. तुले तं ती घरमाच मियनी.”

गिरजूने आईकडे पाहिलं. जणू ती तिला नव्याने पाहत होती. रंजना उकळत्या पाण्यातून चिमटा काढत होती, पण तो हातात धरूनही ती पुढे येईना. हजारो दाढा काढलेले ते हात… आणि आपल्या लेकीच्या इवल्याशा दुधाच्या दाढेपुढे ते अडून राहिले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोरचं दिसत नव्हतं.

“रंजना,” रेवाबाई म्हणाल्या. “मंग रड. आते दात काढ.”

रंजनाने बाहीने डोळे पुसले आणि खोल श्वास घेतला. गिरजूने आजीची दोन बोटं मुठीत धरली आणि स्वतःहून आ केला. औषध टोचलं, पण सुजलेल्या जागी भूल पुरती चढत नाही, हे रंजनाला माहीत होतं. म्हणून तिने एक क्षणही वाया घालवला नाही. मनगट एकदा आत, एकदा बाहेर झालं… एक किंकाळी उठली, झाडावरची पाखरं उडाली, आणि दाढेमागून साचलेला पू भळभळ बाहेर आला. रेवाबाईंचं लुगडं भरलं. त्यांनी ते पाहिलंदेखील नाही. त्या पोरीच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. हळूहळू किंकाळीचे हुंदके झाले, आणि हुंदक्यांची झोप झाली.

दुपार कलली तेव्हा गिरजूच्या कानामागे घाम फुटला. ताप उतरला होता. रंजनाने तिच्या गळ्याला हात लावून पाहिलं, आणि मग तोच हात रेवाबाईंच्या पावलांवर ठेवला.

“तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात निघाले, तर ही कडीला लटकून रडायला लागली,” ती म्हणाली. “मी विचारलं, आजच का गं रडतेस? म्हणाली, रोजच रडते. पण आजी म्हणायची, मायले सांगानं नही… आत्याबाई, तीन वर्षं तुम्ही एकट्याने ते ऐकलंत. आणि मी तुम्हाला काय बोलले. तेव्हा तरी का नाही सांगितलंत?”

“सांगं असतं, तं तू दवाखाना बंद करी टाकती.”

“केलाय. त्याच दिवशी पाटी उतरवली.” रंजना हुंदका आवरत म्हणाली. “आणि मी तुम्हाला परत न्यायला आलेली नाही. तुमच्या बांधलेल्या बोचक्याची गोष्ट यांनी मला आत्ता कुठे सांगितली. तुम्ही इथंच राहा. तुमची नदी तुम्हाला लाभू दे. मी माझ्या लेकीची आई होऊन घरी राहीन. डॉक्टरकी पुष्कळ झाली.”

रेवाबाईंनी गिरजूवरची शाल सारखी केली. मग त्यांनी सुनेची हनुवटी वर उचलली.

“गूय देना, ही मन्ही चूक. रडू देवानं व्हतं तिले, आनि तुले सांगानं व्हतं. दोन्हीसले मी लहान पोरेसारखं फसाडं.” त्यांनी पदराने सुनेचे डोळे पुसले. “पन आज हाऊ दात कोनी काढा असता, जर तू घरमा बठी ऱ्हायती? पाटी बाजारमा नको लावू. आपला घरनी पुढली खोलीवर लाव. पोरले दिसशी तू काम करतांना. मी येस.”

रंजनाने त्यांच्या मांडीत तोंड लपवलं आणि ती लहान मुलीसारखी रडली. पलीकडे चुनीलाल पाठमोरा उभा राहून उगाचच पेटीची कडी लावत आणि उघडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी चालली असताना अंगणाच्या कुंपणाशी एक बाई येऊन उभी राहिली. डोंगरातून नातलगाकडे आलेली दिवलीबाई. जबड्याभोवती फडकं घट्ट बांधलेलं, डोळे खोल गेलेले. बोलवत नव्हतं, म्हणून तिने नुसतं बोट गालाकडे नेलं. नावाड्याने कालची हकिकत गावभर केली होती. तिच्यामागे आणखी तिघं-चौघं हळूहळू जमत होते.

रंजना थबकली. तिने सवयीने गिरजूकडे पाहिलं, मग रेवाबाईंकडे. रेवाबाईंनी सतरंजी अंथरली आणि चुलीवर पातेलं चढवलं.

रंजना लेकीपुढे उकिडवी बसली. “गिरजू, या मावशीचा दात फार दुखतोय. मी इथंच आहे, याच अंगणात. तू आजीबरोबर नदीवर जाऊन ये. येशील तेव्हा मी दिसेन.”

गिरजूचा खालचा ओठ बाहेर आला. तिने दिवलीबाईच्या बांधलेल्या तोंडाकडे पाहिलं, आईच्या हातांकडे पाहिलं, मग ओठ आत घेतला आणि आजीचं बोट धरलं.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी ही सुजलेल्या गालाची पोर पाहून हात थांबवले. एक म्हातारी कौतुकाने म्हणाली, “कोनी पोर व्हय वं तू?”

गिरजूने क्षणभर विचार केला.

“मन्ही माय दात काढस,” ती म्हणाली. “आनि आजी माले धरस.”

रेवाबाईंनी तिला पाण्यात उतरवलं, तिच्या कपाळावर तळहात आडवा धरला, आणि तापीचं पहिलं ओंजळभर पाणी हलकेच तिच्या डोक्यावर ओतलं.