पपा मॉरिशसला चाललेत

वसईच्या पापडी गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात एलिसाच्या पुढे एकच माणूस उभा होता, आणि तो माणूस काही केल्या संपत नव्हता. ऑगस्टचा चिवट पाऊस ताडपत्रीच्या कडेवरून नेमका तिच्या डाव्या खांद्यावर गळत होता. अडीच वाजता क्लिनिकमध्ये गुडघ्याचा पेशंट येणार होता आणि तिला फक्त एका कागदाची एक प्रत हवी होती. पुढच्याकडे मात्र जाडजूड हिरवी फाईल होती. एकेक कागद तो जपून काढत होता, आणि प्रत्येक वेळी दुकानदाराला सांगत होता, "जरा सरळ लावा ना, कोपरा कापला जातोय."

"तुमचं होईपर्यंत माझं लायसन्स संपेल," शेवटी एलिसा म्हणाली.

तो वळला. नुसती मान नाही, खांद्यासकट सगळाच वळला. आणि हसला. "मग आधी तुम्ही घ्या. आमचे अंकल काही आजच मॉरिशसला पळत नाहीत."

तो बाजूला सरकला. दुकानदाराने काचेवरचा पासपोर्ट उचलून काउंटरवर ठेवला, तो उघडाच पडला. फोटोतला माणूस कॅमेऱ्याकडे असा बघत होता, जणू कॅमेऱ्याचं वायरिंग कोणीतरी चुकीचं केलंय. ही नजर एलिसा अठ्ठावीस वर्षं ओळखत होती.

"हे माझे पपा आहेत."

"कोण, फ्रान्सिसअंकल? म्हणजे तुम्ही एलिसा." तो खुश झाला. "ते म्हणाले होते, मुलीला सगळं माहीत आहे."

"मुलीला आत्ता कळलं."

त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याने पासपोर्ट मिटला, फाईलमध्ये ठेवला आणि फाईल छातीशी धरली... जणू ती आता हिसकावूनच घेणार होती. खरं तर तिच्या मनात तेच होतं.

गिरीजला घरी पोचली तेव्हा पपा शेजारच्या वाडीतून येत होते. हातात टेस्टर, गुडघ्यापर्यंत चिखल. गोरेगावच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती, आणि आधीही, निवृत्त झाल्यावरही विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करायला अख्खा गाव त्यांनाच बोलवायचा.

"मॉरिशस?" तिने दारातच विचारलं.

पपांनी पायावर पाणी ओतून घेतलं. सावकाश. "निवृत्त माणसांना राहू देतात तिकडे. चर्च आहेत आपली, मिस्सा होते. मराठी माणसंसुद्धा आहेत म्हणे."

"पण का?"

"हवा चांगली आहे."

"पपा, घरामागे केळी आहेत, माड आहेत, सायकलवर समुद्र आहे. त्याच गोष्टी बघायला तुम्ही विमानात बसणार?"

"गर्दी कमी आहे," पपा म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

त्यानंतरचे तीन आठवडे एलिसाने कसे काढले ते तिलाच माहीत. पपा रोज नवं कारण काढायचे. एकदा अंबाडी रोडचं ट्रॅफिक. एकदा नवे टॉवर आणि त्यांचे टँकर. एका संध्याकाळी डास.

"मॉरिशसला डास नाहीत?"

"असतील की. पण ओळखीचे नसतील."

अशा माणसाशी भांडायचं कसं? मम्मी असती तर एका वाक्यात गप्प केलं असतं. पण मम्मीला जाऊन पाच वर्षं झाली होती. मटिल्डाआत्या येऊन रडून गेली, फादर येऊन समजावून गेले. पपांनी दोघांना चहा पाजला आणि आत्याच्या मिक्सरची वायर बदलून दिली.

आणि दर रविवारी मिस्सानंतर तो हिरव्या फाईलवाला यायचा. एरॉल. पाचूबंदरच्या कोळ्यांचा मुलगा. माणिकपूरला एका जिन्याखाली त्याचं ऑफिस होतं, परदेशी जाणाऱ्यांचे कागद तयार करून द्यायचं. यायचा, फाईल टेबलावर ठेवायचा, आणि पपांनी आग्रह केला की मटणाचा रस्सा आणि पाव खायला बसायचा. आग्रह करायला पपांना वेळ लागत नसे.

"ही फाईल बंद करा," पहिल्याच रविवारी एलिसाने त्याला ओसरीवर गाठलं.

"का बरं?"

"कारण मी सांगतेय."

"क्लायंट कोण, तुम्ही की अंकल?"

"तुम्ही प्रत्येक प्रश्नाला प्रश्नच विचारता का?"

"वाईट सवय आहे का?" तो म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईने पुढे बोलला, "हे बघा, फाईल अजून पूर्ण झालेली नाही. मी प्रत्येकाकडून एक पत्र लिहून घेतो. का जाताय, खरं कारण. ते कुठल्या ऑफिसात जात नाही, माझ्याकडेच राहतं."

"मग कशाला?"

"विरारचं एक जोडपं पाठवलं होतं मी. समुद्र आवडतो म्हणाले. चार महिन्यांत परत आले. मुलाशी भांडण झालं होतं त्यांचं... त्याचा फोन आला, आले. इथलं घर तोवर विकून बसले होते. खरं कारण कळल्याशिवाय मी कोणाची फाईल पुढे सरकवत नाही."

"आणि पपांचं पत्र?"

"दोनदा परत केलं. माहितीपत्रकातलं उतरवून काढलंय त्यांनी."

म्हणजे हा माणूस तिच्या बाजूचा होता की विरुद्ध, तेच तिला कळेना, आणि त्याने तर ती जास्तच वैतागली.

वैताग आणखी एका गोष्टीचा होता. त्याची मान. फिजिओथेरपिस्टच्या डोळ्यांना ते सहन होण्यासारखं नव्हतं. उजवा खांदा बॅगेने वर चढलेला, मान अशी घट्ट, की बाजूला ठेवलेला पाव घ्यायलाही तो अख्खा वळायचा. तीन रविवार तिने कळ काढली. चौथ्या रविवारी म्हणाली, "उद्या चार वाजता क्लिनिकला या. तुम्हाला जेवताना बघून माझी मान दुखते."

तो आला. स्टुलावर बसला. खिडकीबाहेर रिमझिम चालली होती.

"मान सैल सोडा," ती मागून म्हणाली.

"सोडलीय."

"ही सोडलेली नाही."

"एवढ्या जवळून कोणी रागावत असेल तर कशी सुटणार?"

"मी रागावलेली नाही."

"तुमचा अंगठा सांगतोय."

तिने अंगठा आणखी दाबला. तो कळवळला, मग हसला, आणि त्या हसण्यात मान खरंच सुटली... तिच्या तळहातावर त्याच्या डोक्याचा सगळा भार आला. गप्प, विश्वासाने. एलिसाने हात हलवला नाही. पेशंटच्या बाबतीत इतका वेळ लागत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"झालं?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली. "रोज दहा वेळा मान फिरवायची. आणि बॅग दुसऱ्या खांद्यावर."

"आणि पुढची अपॉइंटमेंट?"

"गरज नाही."

तो गेल्यावर ती स्वतःवरच चिडून बसली. गरज नाही म्हणायची काय गरज होती?

सप्टेंबर संपता संपता मटिल्डाआत्याने एक बॉम्ब टाकला. बोगनवेलीपाशी एलिसाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, तुझा पपा तुझ्यासाठी जातोय. दोन स्थळं तू परत पाठवलीस, 'पपांना कोण बघणार' म्हणून. त्याने ऐकलंय ते. वाटेतून बाजूला होतोय माझा भाऊ."

सगळं जुळत होतं. ती घरात गेली तेव्हा पपा पंख्याचा कंडेन्सर बदलत होते. तिने स्टूल धरलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "पपा, मला कळलं तुम्ही का जाताय."

"का?"

"माझ्या लग्नासाठी. माझ्या वाटेत यायला नको म्हणून. पण मला नकोय असलं काही. तुम्ही कुठेही जाऊ नका."

पपा स्टुलावरून खाली उतरले. तिच्याकडे त्यांनी त्या पासपोर्टातल्या नजरेने बघितलं.

"तुझ्या लग्नासाठी मी समुद्र ओलांडू? कर नाहीतर नको करू. तो मुलगा दर रविवारी इथे मटणासाठी येतो असं तुला वाटत असेल, तर तो तुझा प्रश्न आहे."

"मग का?" ती जवळजवळ ओरडली. "एकदा तरी खरं सांगा."

पपा खुर्चीवर बसले. टेस्टर बोटांत फिरवत राहिले.

"मम्मी गेली, त्या दिवशी मी आयसीयूच्या बाहेर होतो," ते म्हणाले. "नर्स म्हणाली, आत या, जवळ बसा. तेवढ्यात फोन वाजला. खालच्या आळीतून. मोटर ट्रिप होतेय, भाजी सुकतेय. मी म्हटलं, दोन मिनिटं. त्याला सांगितलं, कुठली वायर काढ, कुठली लाव. त्याला कळेना... परत सांगितलं. आत गेलो तर नर्स पडदा ओढत होती."

एलिसाला हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

"त्याची काही चूक नाही. त्याला कुठे ठाऊक होतं? माणसं चांगली आहेत इथली. पण अजून रोज चार फोन येतात, बाय, आणि मी रोज जातो. मला 'नाही' म्हणता येत नाही. जन्मात आलं नाही, आता काय येणार? प्रत्येक वेळी फोन वाजला की मी त्याच दारात उभा असतो." त्यांनी टेस्टर टेबलावर ठेवलं. "जिथे माझ्याकडे कोणाचंच काही काम नसेल, अशा ठिकाणी मला थोडं बसायचंय. त्यात तुझा काही दोष नाही, आणि तुझ्यावर उपकारही नाहीत."

ती त्यांच्या पायाशी फरशीवर बसली. मग पपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पंखा लावून बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एरॉलला फोन केला. सगळं सांगितलं, मध्ये दोनदा थांबून. पलीकडून एकही प्रश्न आला नाही.

"ऐकतोयस ना?" तिने विचारलं. ती 'तू' म्हणाली हे दोघांनाही कळलं.

"ऐकतोय. हे त्यांच्याकडून लिहून घ्यायला नको, एलिसा. फाईल पूर्ण झाली."

फाईल पूर्ण झाली, आणि एरॉल यायचा थांबला.

पहिल्या रविवारी एलिसाला बरं वाटलं. दुसऱ्या रविवारी तिने रस्सा जास्त केला आणि तो उरला म्हणून पपांवर चिडली. तिसऱ्या रविवारी तो दारात उभा होता, बॅग डाव्या खांद्यावर.

"अंकलचे फोटो हवे होते."

"सहा दिले होते."

"फोटोत मागची बाजू पांढरी नव्हती."

"पांढरी होती, एरॉल."

तो पायाच्या अंगठ्याने ओसरीची फरशी टोकरत राहिला. "...होती," तो म्हणाला. आतून पपांनी तिसरं ताट मांडल्याचा आवाज आला.

पण त्यापुढे तो एक अक्षर बोलेना. तांदळाच्या भावापासून मॉरिशसच्या पावसापर्यंत सगळ्यावर बोलायचा, तिच्याकडे बघत राहायचा, आणि ती बघायला लागली की पाव मोडायचा. नाताळ गेला. नवीन वर्ष आलं. एलिसाचा धीर सुटत चालला होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पपा गेले. घर एलिसासाठी ठेवलं, वाडी आत्याच्या मुलाला कसायला दिली. विमानतळावर त्यांनी दोघांकडे बघितलं, एलिसाला मिठी मारली, एरॉलच्या पाठीवर थोपटलं आणि मागे न बघता आत गेले. बासष्टाव्या वर्षी त्यांची चाल इतकी हलकी झालेली एलिसाने कधी पाहिली नव्हती. काचेपलीकडे ते दिसेनासे होईपर्यंत ती हसत होती. मग गाडीत बसून वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलापर्यंत रडली. एरॉलने गाडी चालवली, रुमाल दिला, आणि अर्थातच काही बोलला नाही.

"आयने जेवायला बोलावलंय," वसईत शिरल्यावर तो एवढंच म्हणाला.

पाचूबंदरला उन्हात बांबूच्या दांड्यांवर बोंबील लटकत होते. त्याची आई, आग्नेस, ओले बोंबील दोन-दोन करून तोंडात तोंड अडकवत होती. तिने एलिसाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बापूस गेला?"

"गेले."

"बस. पानी पी." मग मुलाकडे हात करून म्हणाली, "ह्याला सांगून सांगून माजा जीव दमला. पाच महिने घरात तुजंच नाव. मंग बोल ना म्हनलं पोरीशी, तर गप. लोकांना देशोदेशी लावतो, नि हितल्या हित गिरीजला काय बोलता येत नाय."

एरॉल मानेपर्यंत लाल झाला. आग्नेस टोपली उचलून आत गेली, दार मुद्दाम उघडं ठेवून.

एलिसाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिचे डोळे सुजले होते, केस विस्कटले होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती.

"एरॉल, मला तू आवडतोस," ती म्हणाली. "आता तू काही बोलणार आहेस, की मी रिक्षा पकडू?"

"या वेळी इथे रिक्षा..."

"एरॉल."

तो थांबला. त्याने समुद्राकडे बघितलं, मग तिच्याकडे. या वेळी नजर वळवली नाही.

"तुझ्या पपांना मीच पाठवलं," तो हळू म्हणाला. "माझ्या हाताने. तुला एकटं करून मग तुझ्याकडेच काही मागायचं... मला वाटलं, तू हे कधी विसरणार नाहीस."

"नाहीच विसरणार."

त्याचा चेहरा पडला.

"ऐकवणार आहे तुला," एलिसा म्हणाली. "जेवताना, चहा पिताना, आपलं भांडण दुसऱ्याच कशावरून असेल तेव्हासुद्धा. रोज."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. वाऱ्यावर बोंबील हलत होते. त्याने पुढे होऊन तिच्या गालाला चिकटलेली बट बाजूला केली, आणि हात तिथेच राहू दिला. हवेला मासळीचा वास होता. तिने त्या हातावर गाल टेकला.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"आता जेवाया या," आतून आग्नेस म्हणाली. "बाकीचं मंग बोला."