चौकटीतला डावा हात

आमच्या ऑनलाइन गणिताच्या वर्गात सरावासाठी जोड्या कॉम्प्युटर लावायचा. माझ्या वाट्याला त्याने दिला – एक हात.

डावा. मनगटाला पीठ लागलेला, पेन धरलेला. फोन दुकानाचा, म्हणून चौकटीखाली नावाच्या जागी नुसतं 'बेकरी'.

"अहो बेकरी, चेहरा कुठाय?"

"फोन फळीला उलटा टांगलाय. कागद दिसायला हवा ना?"

"आणि मला कंटाळा आला तर?"

"तर... हात हलवून दाखवीन." आणि खरंच हलवला. मी खुदकन हसले, तिथेच सगळा घोटाळा झाला.

गणिताचा आणि माझा छत्तीसचा आकडा. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांना फ्रेमा दाखवायचे. पण मला डोळे तपासायला शिकायचं होतं, आणि त्या कोर्सच्या वाटेत हा एकच पेपर आडवा पडला होता. दोनदा नापास झाले होते. ही शेवटची संधी. सर चांगले, पण एवढ्या चौकटींसमोर त्यांनी "समजलं ना?" विचारलं की मी आपली मान डोलवायचे. उत्तर बरोबर असलं तरी एक कंस राहिला की कॉम्प्युटर लाल फुली मारून मोकळा! वर दादा म्हणायचा, "सोपं तर आहे!"

हा बेकरीवाला कधीच तसं म्हणाला नाही. मी अडले की त्याचं पेन थांबायचं, नवा कागद यायचा. "परत पहिल्या ओळीपासून बघू..." तेच गणित, तोच शांत आवाज. दिवसभर भट्टीसमोर उभं राहून एवढा धीर आणायचा कुठून हा माणूस? मला त्याचं फार कौतुक वाटायचं. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलंच नाही.

"एकदा तरी 'सोपं आहे' म्हण की रे," मी चिडवलं.

"सोपं असेल तेव्हा म्हणेन."

शेवटच्या तासाला सरांनी परीक्षेचा निकाल पडद्यावर लावला. पास! मी किंचाळलेच. वहिनी ओल्या हातांनी धावत आली.

"अगं, पास झालीस ना? मग रडतेस कशाला?"

"आज वर्ग संपला, वहिनी. उद्यापासून तो हात दिसणार नाही... मला जन्मभर बघायचाय गं तो!"

"हात?"

"हात... आणि त्याच्यामागचा अख्खा माणूस! आवडतो मला तो."

तेवढ्यात पडद्यावरून सर खाकरले. "ताई... तुमचा माइक चालू आहे."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती.

'बेकरी'च्या चौकटीत पेन खाली ठेवलं गेलं. फोन हलला – फळी, छत, दिवा... आणि मग एक चेहरा. नाकावर पीठ, कान लालबुंद.

"मलाही तू आवडतेस," सगळ्या वर्गासमोर तो म्हणाला. "जन्मभर तर जन्मभर... हे मात्र सोपं आहे."