मुलाखतीतली सासू

"आजी, तू मम्मीला घरातून हाकललं होतं?"

सृष्टीचा प्रश्न कानावर पडला आणि तव्यावरची भाकरी उलटायची लंकाबाईंकडून राहूनच गेली... दहा वर्षांची नात समोर मोबाइल धरून उभी होती, आणि त्यात तिची आई उज्वला, मालिकांतून आणि नाटकांतून घरोघरी पोचलेली अभिनेत्री, डोळे पुसत सांगत होती, "नवरा गेल्यावर तीन महिन्यांत सासूने माझी बॅग अंगणात फेकली. दीड वर्षाची मुलगी ठेवून घेतली आणि मला म्हणाली, तुझं इथं काही नाही, चालती हो!"

अख्ख्या पिंपळगावाने हे ऐकलं होतं! सकाळी पॅकहाउसवर द्राक्षं भरणाऱ्या बाया आपल्याला पाहून एकाएकी गप्प का झाल्या, ते लंकाबाईंना आता उमगलं. संतापाने त्यांचं सर्वांग पेटलं. उज्वलाचा शब्दन् शब्द खरा होता... आणि तरीही याहून मोठा अन्याय आयुष्यात त्यांच्यावर कुणी केला नव्हता!

"मी तव्हाच म्हणलो होतो, ती बाई नाटकीच हाय," थोरला मुलगा शेखर ओसरीवरून म्हणाला.

"तू गप बस!" लंकाबाई कडाडल्या. "तुझ्यापायीच झालंय हे सगळं!"

साडेआठ वर्षांपूर्वी धाकटा संतोष हायवेवरच्या अपघातात गेला, तेव्हा उज्वला अवघी चोवीस वर्षांची होती. संतोष तिला मोटारसायकलवर बसवून नाशिकला तालमींना न्यायचा. एरवी ती बागेत काम करता करता वेलींनाच संवाद म्हणून दाखवायची, आणि मजुरणींचे हात थांबायचे. तो गेला आणि तिची वाचाच गेली. मुंबईहून एका मालिकेसाठी बोलावणं आलं, तर शेखरने फर्मान काढलं, "आपल्या घरची बाई तोंड रंगवणार नाय!" आणि उज्वलाने निमूट मान हलवली... ती हललेली मान लंकाबाईंच्या काळजात रुतली. सव्विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा त्यांनीही अशीच मान हलवली होती, आणि त्यानंतर तुला काय हवं, असं कुणी त्यांना विचारलंच नव्हतं! गोड बोलून ही जाणार नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून बॅग फेकली, म्हणून जिभेवर निखारे ठेवले. मुंबईत एवढ्याशा लेकराला सांभाळणार कोण, म्हणून पोर ठेवून घेतली. आणि यातलं अक्षरही आजवर कुणाला सांगितलं नाही.

मुलाखत कानावर पडली त्याच दिवशी दुपारी नाशिकला उज्वलाच्या नाटकाचा प्रयोग होता. नातीचा हात धरून लंकाबाईंनी एसटी गाठली. नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी एकजण आडवा आला. "मॅडम मेकअपला बसल्यात, आजी."

"मॅडम तुझी असंल, माझी सून हाय ती!" म्हणत त्या आत शिरल्या.

आरशासमोरची उज्वला दचकून उठली. "आत्याबाई... तुम्ही?"

"जगाला सांगितलं ना? आता मला सांग, मी तुला का हाकललं!"

"मी तुम्हाला नको होते म्हणून!"

"नको असती तर रानात राबायला ठेवून घेतली असती गं!" लंकाबाईंचा आवाज फाटला. "शेखर तुला जन्मभर चूल नि बाग दाखवणार व्हता, आणि तू मुकाट हो म्हणत व्हती! हाकललं नसतं तर गेली असती का तू?"

उज्वलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण ती पाया पडली नाही... ती उसळली.

"मग सांगितलं का नाही? आठ वर्षं, आत्याबाई! तुमच्या रागावर जगले मी! दिवाळीला तासाभरासाठी भेटायला येते, तर माझी स्वतःची पोर मला पाहुणीसारखं पाणी आणून देते! भलं केलंत माझं, पण शेखरभाऊजींसारखंच... मला न विचारता!"

तो घाव वर्मी बसला. लंकाबाई मटकन खाली बसल्या.

"पहिली दोन वर्षं तुझ्यासाठी गप राहिले," त्या पुटपुटल्या. "पुढं... माझ्यासाठी. तुझा राग गेला असता तर तू घरी येत-जात राहिली असती, नि एक दिवस पोरीला घेऊन गेली असती. मग माझ्याजवळ कोण राहिलं असतं? चुकलं माझं, उज्वला. आजच घेऊन जा तिला..."

"पुन्हा तुम्हीच ठरवताय! तिला विचारलंत?"

"मला कोणीच काही विचारत नाय!" दाराशी उभी असलेली सृष्टी हुंदके देत ओरडली. "मी दोघींशीपण बोलणार नाय!"

दोघी एकदमच तिच्याकडे धावल्या. सृष्टीने आधी दोघींनाही ढकललं, मग दोघींच्या कमरेला मिठी मारली, आणि सासू-सुना आठ वर्षांनी एकमेकींच्या खांद्यावर मोकळ्या झाल्या... बाहेर दुसरी घंटा झाली.

लंकाबाईंनी पदराने सुनेचं ओघळलेलं काजळ टिपलं. आजवर तिचं एकही नाटक त्यांनी पाहिलं नव्हतं.

"प्रयोग संपेपर्यंत जाऊ नका, आत्याबाई," उज्वला म्हणाली.

"जाते कशाला?" नाक ओढत लंकाबाई म्हणाल्या. "आपलं भांडण कुठं संपलंय अजून!"