वीतभर खोल

खड्डा खणायचा तर कुणाच्या मापाचा, हे आधी ठरवावं लागतं. शेतावरच्या शेडमध्ये ट्रॅक्टर वर उभा करून खालून दुरुस्त करता यावा असा खड्डा हवा होता. त्यासाठी धाकट्याने गवंड्याला बोलावलं, तेव्हा गवंड्याने पहिला प्रश्न हाच केला. टेप त्याच्याकडे होता, पण तो खिशातच शोभायचा. खाली उभ्या माणसाचे हात कोपरात थोडे वाकून नटापर्यंत पोचले पाहिजेत. खड्डा जास्त खोल झाला तर खांदे जातात, उथळ झाला तर मान जाते, असं त्याचं म्हणणं. शिंप्याने सदऱ्याचं माप घ्यावं तसं तो खड्ड्याचं माप घेई. त्याने धाकट्याला ट्रॅक्टरशेजारी उभं केलं, हात वर करायला लावले, मनाशी काही हिशेब मांडला आणि एका काठीवर सुरीने खाच पाडली.

धाकटा म्हणजे घरातला धाकटा भाऊ. थोरला याच शेडमध्ये गेला होता. तो ट्रॅक्टरखाली पाठीवर पडून काम करत असताना जॅक सरकला. पुढचं सांगण्यासारखं नाही. भेटायला आलेली माणसं रडून गेली, पण धाकट्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आपल्याला दुःख होतंय असंही त्याला वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असून नसल्यासारखा होतो, तसा तो सगळाच होऊन बसला होता. पुढ्यात ताट आलं की जेवायचा, दिवा मालवला की पडायचा.

थोरल्याची बायको, त्याची वहिनी, या घरात आली तेव्हा धाकटा शाळेत होता. आई नसलेल्या पोराला तिनेच वाढवलं, रागे भरली, त्याच्या नापास होण्यावर पांघरूणही घातलं. नवरा गेल्यावर तिने शेडला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कापणी तोंडावर आली आणि ट्रॅक्टर बिघडून पडला, तरी ती किल्ली देईना. शेवटी एका सकाळी ती बोलली.

"भाऊजी, त्या जॅकखाली परत कुणी गेलेलं मी बघणार नाही. खड्डा बांधा, नाहीतर मला माहेरी पोचवा."

एवढ्या बधिरपणातही ते धाकट्याला टोचलं. वहिनी गेली की 'जेवलात का' असं विचारणारं या जगात कुणी उरत नव्हतं. बाकी कशाचं काही होवो, वहिनी राहिली पाहिजे, एवढं एकच त्याला हवं होतं. त्याने त्याच दिवशी गवंड्याला गाठलं.

काम झपाट्याने सुरू झालं. गवंड्याच्या मजुरांनी जुनी फरशी फोडली आणि खालची ओली माती वर येऊ लागली. तिला वर्षानुवर्षं मुरलेल्या डिझेलचा वास होता. माणसं खाली जातील तसा कुदळीचा आवाज जड होत गेला. मग विटा आल्या, एका टोकाला पायऱ्या निघाल्या, दिव्यासाठी भिंतीत कोनाडा ठेवला, काठाला लोखंडी पट्ट्या बसवल्या आणि तळाला काँक्रीट पडलं. धाकटा अधूनमधून डोकावून जाई. बाकी तो शेतात असे.

तळ वाळल्यावर खड्ड्यावर ट्रॅक्टर आणला. धाकटा खाली उतरला आणि त्याने हात वर केले. बोटं गिअरबॉक्सला जेमतेम लागली. खड्डा वीतभर जास्त खोल झाला होता.

"माप चुकलं तुमचं," तो म्हणाला.

गवंड्याला हे झोंबलं. त्याने काठी आणून तळाला टेकवली. खड्डा काठीबरहुकूम होता. पण काठीवर खाचा दोन होत्या.

"दुसरी तुम्हीच करायला लावलीत की," गवंडी म्हणाला. "तळ घालायच्या आदल्या दुपारी. तुम्ही इथेच उभे होतात, पाठमोरे. मी वरून विचारलं, बरोबर आहे ना? तुम्ही हात वर केलेत आणि म्हणालात... अजून वीतभर."

"मी त्या दुपारी शेतात होतो."

गवंडी दुसऱ्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिला. दोघा भावांचा आवाज अगदी एक होता. फोनवर वहिनीसुद्धा फसायची. उंचीत मात्र थोरला वीतभर जास्त. त्यावरून तो धाकट्याला चारचौघांत 'पाऊण' म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर सगळ्यांत आधी हसायचा.

आणखी एक थर घालून तळ वर घेतो, असं गवंडी चाचरत म्हणाला. वहिनी दारात उभी होती. ती कधी आली ते कुणाला कळलं नव्हतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "बरोबर झालाय."

गवंड्याने थापी, ओळंबा गोळा केला आणि तो निघाला. पुन्हा तो त्या वाटेला फिरकला नाही. आपल्याला आता भीती वाटायला हवी, हे धाकट्याला समजत होतं. पण ती काही येईना. त्याने एक जाड फळी घेतली, तिला खालून ठोकळे मारले आणि ती तळाला ठेवून तीवर उभा राहून काम करू लागला. पाय गारठायचे, एवढीच तक्रार.

वहिनी मात्र बदलली. ती शेडमध्ये येऊन बसू लागली. थोरला असताना बसायची तशीच, हत्यारांच्या पेटीशेजारी. मागितलेला पाना ती न बघता काढून देई. तिचा भाऊ तिला न्यायला आला, तर तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मला इथे काम आहे, म्हणाली. ते ऐकून धाकट्याच्या छातीवरचा दगड उतरला. खड्ड्याचं सार्थक झालं, असं त्याला वाटलं.

मग एका दुपारी गिअरबॉक्सचं ऑइल सील आणायला त्याला बाजारात जावं लागलं. ट्रॅक्टर खड्ड्यावर तसाच ठेवून तो गेला. परत आला तेव्हा शेडमध्ये वहिनी दिसेना. त्याची फळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. खड्ड्याच्या काठाशी, पायऱ्यांच्या तोंडाला, वहिनीच्या चपला नीट जोडून काढलेल्या होत्या. तळाला तेल, पत्र्याचे तुकडे, लोखंडाचा कीस... तिथे अनवाणी कोण उतरतं?

त्याने वाकून पाहिलं. वहिनी ट्रॅक्टरखाली उभी होती आणि नट सोडवत होती. कोपर थोडं वाकलेलं, खांदे मोकळे. जसं असायला हवं तसं. ती धाकट्याच्या खांद्याला लागायची. त्याला फळीवर चढून जे जमत होतं, ते ती आरामात करत होती. कोनाड्यातल्या दिव्याचा उजेड तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचत होता. त्याखाली काही दिसत नव्हतं.

"वहिनी..." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "कशावर उभ्या आहात?"

तिने हातातला नट पदराला पुसला. वर पाहिलं नाही.

"हळू बोला," ती म्हणाली. "झालंच आता. हे दमलेत."

मग ती खाली झाली. एकदम नाही, कुणी हलकेच उतरवून ठेवावं तशी. आणि पायऱ्या चढून वर आली. तिने चपला घातल्या तेव्हा त्याने तिचे तळवे पाहिले. त्यांना तेलाचा डागही नव्हता. तिचा चेहरा इतका निवांत होता, की किती महिन्यांनी आपण तो असा पाहतोय, या विचाराने त्याला रडू यायला हवं होतं.

"सील उद्या बसवू," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही उतरा. तुम्हाला बोलावलंय."

सकाळी त्याने फळी शोधली. ती चुलीत गेली होती. वहिनी हत्यारांच्या पेटीशेजारी येऊन बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. नाही म्हटलं तर काय होईल, हे त्याला विचारावं लागलं नाही. ती माहेरी जाणार नव्हती. ती खाली जाणार होती, आणि मग कधीतरी वरच येणार नव्हती. त्याने खड्ड्याच्या काठाशी आपल्या चपला काढल्या. पायऱ्या उतरताना तो एवढंच मनाशी म्हणत होता, की खाली काँक्रीट आहे, गार काँक्रीट.

"जपून..." वहिनी वरून म्हणाली. ते त्याला उद्देशून नव्हतं.

शेवटच्या पायरीवरून त्याने अंधारात पाय सोडला. तो तळाच्या वीतभर आधीच टेकला, आणि जिथे टेकला ते कोमट होतं.