मंत्रिमंडळ जेवायला आलं होतं

मी सालमेमावशींकडे गेले होते ती फक्त एक फोटो मागायला. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर गावात बोललं गेलं की सिर्येबाईंनीच, म्हणजे मीच, हे सगळं मुद्दाम घडवून आणलं. मुद्दाम काही नव्हतं हो. उत्साह होता, आणि तो माझ्या अंगात जरा जास्तच आहे, हे माझे विद्यार्थीही सांगतील.

आमचा एस्टोनिया १९९१ साली दुसऱ्यांदा स्वतंत्र झाला, त्याच वर्षीचा नोव्हेंबर. मी शाळेत इतिहास शिकवायचे, आणि पन्नास वर्षं जे तोंडातून काढायची सोय नव्हती ते सगळं आता मोकळेपणी शिकवता येत होतं. मला झोप लागेना! पहिल्या स्वातंत्र्याच्या वेळची आमची ती सरकारं... एखादं वर्षभर टिकलं तरी लोक कौतुक करायचे. दारावरच्या पाटीचा रंग वाळायच्या आत मंत्री बदललेला असायचा. पण त्याच माणसांनी जमिनी वाटल्या, शाळा काढल्या, रस्ते बांधले. पुढे रशियन आले आणि त्यांना एकेक करून उचलून पूर्वेला नेलं. कबर कुणाचीच नाही. आमच्या पोरांना त्यांची नावंसुद्धा ठाऊक नव्हती, याचा मला मनापासून राग यायचा.

त्यांतले रस्तेमंत्री तोनिस पिह्लाक आमच्या विल्यांदीकडचे. बायको लवकर गेली, तेव्हापासून मुलीची वेणीसुद्धा तेच घालायचे; मुलगी एकच, ती ही सालमे. ऐंशीला टेकलेली, त्याच शेतघरात एकटी राहणारी. शनिवारी मंत्रिमंडळातले सहा जण या घरी यायचे आणि अंगणापलीकडच्या सौनेत, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तोनिसबरोबर बसायचे. देशाचे अर्धे निर्णय तिथे घाम गाळत घेतले गेले, असं जुनी माणसं सांगत. त्या सातांचा एकत्र फोटो मावशींकडे आहे असं मी ऐकलं होतं. शाळेच्या भिंतीवर तो लावायचा, एवढाच माझा बेत.

दुपार उतरली होती, म्हणजे आमच्याकडे नोव्हेंबरात अंधारच. फाटकाशी गाडी लावली तर सौनेच्या धुराड्यातून धूर निघत होता. मावशी दारात उभ्या. एरवी डोक्याला घट्ट रुमाल, आज पांढरे केस धुऊन मोकळे सोडलेले.

"फोटो मागायला आले होते, मावशी. पण आज शनिवार नाही, कोण येणार आहे?"

"बाबा," त्या म्हणाल्या. "आलीच आहेस तर बूट पूस आणि आत ये."

आमच्याकडे या महिन्यात मेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी सौना तापवायची, पाणी आणि अंगावर मारून घ्यायला बर्च झाडाच्या डहाळ्यांची जुडी ठेवायची, टेबलावर जवाची लापशी, मांस, बिअर मांडायची. घरच्या माणसानं फाटकाशी जाऊन नावानं हाक मारायची. माझ्या आजीच्या घरी हे होत असे. पण मावशींनी आईला, आजोबांना दरवर्षी बोलावलं तरी बापाला कधीच बोलावलं नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"त्यांच्या मरणाची खबर कधी आलीच नाही ना," कंदील पेटवत त्या म्हणाल्या. "जिवंत माणसाला या टेबलावर कसं बोलवायचं? पन्नास वर्षं वाट बघितली. पण एकशे दहा वर्षांचा माणूस जिवंत नसतो, एवढं गणित मलाही येतं. आज हाक मारते. आले तर मेले म्हणायचं. पण घरी तरी येतील."

हे त्या इतक्या कोरड्या आवाजात बोलल्या की मलाच रडू फुटलं.

आम्ही फाटकाशी गेलो. वारा अगदी पडलेला, ओल्या मातीचा आणि धुराचा वास. मावशींनी कंदील वर धरला. "तोनिस पिह्लाक," त्या म्हणाल्या, "सौना तापली आहे. या."

रस्त्यावर काही हललं नाही. आणि तिथे माझा उत्साह उफाळून आला. बाकीच्या सहांना हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं! कुणाची मुलं सैबेरियात गेली, कुणाला झालीच नव्हती. मी वर्गात घोकून घेत असलेली नावं खणखणीत आवाजात म्हटली. "आदो तामेला! विल्लेम रोओसे! कार्ली सोओबिक! पेएतर नोम्मिक! युहान आरू! ओस्कर लेप्लान! तुम्हीही या!"

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बये, माझ्या घरी माणसं जेवायला बोलावलीस? मला न विचारता?"

"येतच होते की ते या घरी..."

"सात पुरुष! आणि लापशी एवढ्याशा पातेल्यात. मास्तरीण झाली म्हणून अक्कल येत नाही." असं पुटपुटत त्या झपाझप आत गेल्या आणि कपाटातून आणखी वाडगे काढू लागल्या. मी चमचे मांडले. बापाचा वाडगा त्यांनी टेबलाच्या वरच्या टोकाला ठेवला. मग पुढचं दार सताड उघडं टाकून आम्ही मागच्या खोलीत जाऊन बसलो. पाहुणे जेवत असताना बोलायचं नाही, डोकवायचं नाही.

बराच वेळ नुसती शांतता. मग अंगणापलीकडे सौनेचं दार करकरलं.

तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा फसकारा आला. पाठोपाठ डहाळ्यांचे सपासप आवाज, आणि पुरुषांचं दबकं हसणं. एकानं काहीतरी म्हटलं, दुसऱ्यानं हुज्जत घातली. मावशींनी माझं मनगट पकडलं. भीती वाटत होती का? वाटत होती, पण खरं सांगू, त्याहून जास्त मला नाचावंसं वाटत होतं. माझं मंत्रिमंडळ! ज्यांचे चार ओळींचे परिचय मी मरमर करून जमवले होते, ते वीस पावलांवर बसून भांडत होते.

मग पायऱ्यांवर बूट आपटल्याचे आवाज झाले. बाकं सरकली. ओल्या बर्चचा आणि धुतलेल्या अंगांचा गरम वास दाराच्या फटीतून आत आला. चमचे वाजू लागले.

मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. वाजणारे चमचे सगळे बाकांच्या बाजूला होते, टेबलाच्या वरच्या टोकाशी मात्र काहीच नव्हतं. मी कितीही कान दिले तरी तिथून एकही आवाज आला नाही.

"ते नाहीत त्यांच्यात..." मावशी पुटपुटल्या. "सगळ्यांचे आले. माझेच आले नाहीत."

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. परक्यांना बोलावून मी त्यांच्या दुःखावर मेजवानी मांडली होती. चमचे थांबले. आता निरोपाची वेळ. तो घरच्या माणसानंच द्यायचा असतो. ज्याला निरोप मिळत नाही तो जात नाही. मावशी कशाबशा उठल्या, त्यांनी तोंड उघडलं...

आणि पुढच्या खोलीत एक पुरुषी आवाज बोलला. भारदस्त, जरा थकलेला.

"खाल्लंत, प्यायलात. आता आपल्या वाटेनं जा. शेतातून नको, राय धान्य पेरलंय, कोंब तुडवाल. रस्त्यानं जा."

बाकं सरकली. पावलं पायऱ्या उतरली, अंगणातून फाटकाकडे गेली आणि रस्त्यावर विरून गेली.

मावशी दाराकडे बघत होत्या. चेहरा असा उजळलेला की त्या एकदम लहान दिसू लागल्या. "यजमान पाहुण्यांबरोबर जेवत नाही," त्या हलकेच म्हणाल्या. "बाबा कधीच बसायचे नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचे."

आम्ही आत गेलो. बाकांसमोरचे सहा चमचे उपडे ठेवलेले होते. सातव्या वाडग्याला कुणी हात लावला नव्हता, आणि बाकीची लापशी केव्हाच गार झाली असताना त्यातून अजून वाफ येत होती.

"मावशी... आता त्यांनाही निरोप द्या. तुम्हीच देऊ शकता."

"म्हणूनच देणार नाही."

"अहो, असा राहिलेला माणूस नंतर एकटा परत जात नाही. माझी आजी सांगायची..."

"मला कशाला शिकवतेस?" त्या चक्क हसल्या. "मागच्या वेळी मला मागे ठेवून गेले होते. या खेपेला नाही ठेवणार." त्यांनी भिंतीवरचा त्या सातांचा फोटो काढून माझ्या हातात दिला. "घे. पोरांना नावं नीट शिकव. आणि आता जा, त्यांना जेवू दे."

मी वाद घालायला हवा होता. पण त्यांच्या त्या आनंदापुढे माझी जीभ रेटली नाही. मी बाहेर आले, दार लावून घेतलं. गाडीपाशी पोचल्यावर मात्र राहवलं नाही आणि मागे वळून पाहिलं.

खिडकीतून दिसलं, दिव्याच्या उजेडात मावशी खोलीच्या मधोमध एका ठेंगण्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. आणि पाठीवर मोकळ्या सुटलेल्या त्यांच्या पांढऱ्या केसांचे तीन पेड झाले होते. पेड एकमेकांवरून जात होते, सावकाश, जरा वाकडे, सवय मोडलेल्या माणसाच्या हातचे. वेणी टोकापर्यंत आली आणि हवेतच थांबली. मावशींनी मागे न बघता खांद्यावरून एक फीत पुढे केली. ती त्यांच्या बोटांतून कुणीतरी घेतली.

मग खिडकीचा पडदा आतून ओढला गेला. मावशी स्टुलावरून उठल्या नव्हत्या.